विझलेला चंद्र

दिवेलागणीला आमच्या समोरच्या येसूकाकींच्या अंगणातल्या खळ्यात अर्धं गाव जमायचं. मध्ये तिपाईवर लांबलचक दुर्बीण आणि तिच्या शेजारी भगव्या शालीतले गुरुचंद्र महाराज. "या, या! आजवर पत्रिकेत गुरुबळ बघितलंत, आता गुरूच डोळ्यांनी बघा. त्याचे चार चंद्र म्हणजे तुमच्या घरची चार माणसं!" दुर्बिणीला डोळा लावलेला माणूस गहिवरून हात जोडायचा. भक्तीला नुसता ऊत आला होता.

हे सगळं मी खिडकीच्या गजांमधून बघत होते, कारण अकरा दिवस मी खोलीत कोंडलेली होते.

आमच्या घरी माणसं चार: बाबा, आई, भाऊ सलिल आणि मी, मनस्विनी. आमच्या दर्शनाला ठिपके मात्र तीनच दिसले. महाराजांनी डोळे मिटले. "मुलीचा चंद्र विझला. एकवीस दिवसांच्या आत तिनं उंबरा ओलांडला तर गुरू तिला ओढून नेईल." उतारा म्हणून त्यांनी आईचा सोन्याचा मणी घेतला आणि वर बजावलं, एका घराला एकच दर्शन, दुसऱ्यांदा बघितलं तर दोष लागतो. हापूसच्या पेटीत एक डागी आंबा खपवून न घेणाऱ्या माझ्या बाबांनी हे मात्र न तपासता घेतलं. आईनं बाहेरून कडी घातली, मोबाइलही काढून घेतला. रत्नागिरीला माझी नर्सिंगची प्रवेश परीक्षा होती. मी आधी रडले. मग मला संताप आला, आणि तोच उपयोगी पडला.

शेजारचे फारुकचाचा मासेमारीच्या होडीवर तांडेल, होडी चालवणारे प्रमुख. खिडकीखालून बंदराकडे निघाले, तेव्हा मी त्यांची होडीवरची दुर्बीण मागितली. त्यांनी ती तिरकी करून गजांमधून आत दिली. माझी खिडकी पश्चिमेला, गुरू समोरच. दुर्बीण गजावर टेकवून मी रोज संध्याकाळी मोजत राहिले. पहिल्याच संध्याकाळी चार ठिपके, दुसऱ्या दिवशी तीन, मग पुन्हा चार.

"चाचा, हे परत येतात!"

"येतीलच गो. फिरतात ते. भरती-ओहोटीचं वेळापत्रक असतं ना, तसं यांचंपण असेल." त्यांनी मोबाइलवर शोधलं. कुठला चंद्र किती वाजता गुरूच्या आड जाणार, मिनिटासकट लिहिलेलं होतं. चाचा हसले. "ओहोटी लागली म्हणून आम्ही घरात कोणाला कोंडत नाय."

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी साडेसातला महाराजांनी खुद्द येसूकाकींना दर्शनाला बोलावलं. "चारही हायत गो!" त्या आनंदानं म्हणाल्या.

मी खिडकीतून ओरडले, "काकी, डोळा काढू नका! सात चाळीसला गुरूजवळचा एक विझणार. तो कोणाचा, ते महाराजांना आत्ताच विचारा!"

"अभद्र वाणी! झाका ते यंत्र!" महाराज शाल घेऊन धावले. येसूकाकींनी त्यांना कोपरानं ढकललं. "थांबा हो. माझ्या घरचं माणूस आहे ते."

"गेला," काकी हळूच म्हणाल्या. "बरोबर सात चाळीस," मोबाइल बघत गर्दीतून कोणीतरी म्हणालं.

बाबा खिडकीशी आले. "तुला कसं कळलं?"

"वेळापत्रक आहे बाबा. ह्यांनी ते बघूनच आपल्याला नेमक्या वेळी बोलावलं. माझा चंद्र कधीच परत आलाय. दुसऱ्यांदा बघू नका म्हणाले ते त्यासाठीच."

बाबांनी वळून पाहिलं. महाराज दुर्बिणीचे स्क्रू सोडवायला लागले होते.

बाबांनी आत येऊन कडी काढली. "चुकलो गो," ते म्हणाले. मला हॉलतिकीट शोधायचं होतं, पहाटेची एसटी गाठायची होती.

पण पलीकडच्या वाडीत महाराजांच्याच सांगण्यावरून अजून दोन मुली कोंडलेल्या आहेत. त्यांची खिडकी पश्चिमेला असेलच असं नाही, म्हणून हे लिहिते. गुरूचे चंद्र गुरूभोवती फिरतात, त्याच्या आड जातात आणि बाहेर येतात. त्यांना तुमच्या मुलीचं नावसुद्धा ठाऊक नाही. कोणी एकदाच बघा म्हणालं, तर दुसऱ्यांदा जरूर बघा. पण त्याआधी घरात जा आणि कडी काढा.