मशीनला वाढवलेला नारळ

आमच्या शाळेच्या वाटेवर व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. मालक म्हणायचा, "मुलींनी दारातूनच बघायचं." मी बघायचे. मान दुखेपर्यंत बघायचे.

चाळीस वर्षांनी, आयटीआयमधून निवृत्त झाले त्याच आठवड्यात, जुन्या बाजारातून तसलंच मशीन उचललं आणि कोथरूडच्या फ्लॅटमध्ये आणलं. मला खेळायचं होतं. बास.

दुकानात ठणठणीत चाललेलं मशीन घरी मात्र सुरू केलं की अख्ख्या घराची वीज गुल. सूनबाई नम्रता हिंजवडीच्या कंपनीचं काम घरून करते. तिसऱ्यांदा मीटिंग तुटल्यावर ती फार गोड आवाजात म्हणाली, "आई, आज पाचला भंगारवाला येतोय." नम्रता गोड बोलली की समजायचं, निकाल लागला.

पण तीस वर्षं पोरांना वायरमनचं काम मी उगाच शिकवलं नव्हतं. ब्रेकर पडतो म्हणजे वीज कुठेतरी मशीनच्या लोखंडात गळतेय. प्लग काढला, गळती मोजायचा मेगर जोडला. पडदा सुटा केला, गळती तशीच. ट्रान्सफॉर्मर सुटा केला, तरी तशीच. चार वाजले. मला अक्षरशः रडू यायला लागलं. आमचे हे, माधवराव, एकही सूचना करत नव्हते. लग्नानंतर पहिल्यांदाच. तिथेच मला संशय यायला हवा होता.

नाणं टाकायच्या दारामागे एक स्विच असतो; दार उघडलं की तो वीज तोडतो. त्याची वायर सोडवली आणि मेगरचा काटा झपकन वर गेला, म्हणजे गळती बंद. सापडलं! स्विचवर चिकट थर होता, थोडं कुंकू होतं, आणि वास घेतला तर चक्क खोबरं.

"अहो!"

हे गॅलरीतून हळूच आले. "नव्या गाडीला नारळ वाढवतोच की आपण. तू आंघोळीला गेली होतीस."

"मशीनवर?"

"कोपरा लोखंडी आहे. एका फटक्यात फुटला."

"आणि लिंबू?"

"चाकंच नाहीत गं. ठेवणार कुठे?"

मी चिडायचं ठरवलं होतं, पण हसता हसता खाली फतकल मारून बसले. नम्रताही हेडफोन काढून पोट धरून हसत होती. मग नवा स्विच बसवला, पत्रा घासूनपुसून कोरडा केला, सगळं पुन्हा जोडलं आणि बटण दाबलं. ब्रेकर जागचा हलला नाही. पडदा उजळला, टिंगटिंग सूर वाजला आणि मी खेळायला उभी राहिले.

पहिला डाव अकरा सेकंदांत आटोपला.

"पुन्हा!" नम्रता ओरडली. आतून लॅपटॉपवर कोणीतरी तिच्या नावाने हाका मारत होतं.

पाचला बेल वाजली. ह्यांनी दार उघडलं. भंगारवाला पोतं खांद्यावर टाकून उंबऱ्याबाहेर उभा होता. भंगाराचं काही विचारायच्या ऐवजी तो टाचा उंचावून, मान लांब करून पडद्याकडे बघत होता.

माझं अंतराळयान धाडकन फुटलं. फुटू दे.

"अहो, आत या," मी त्याला म्हटलं. "दारातून नीट दिसत नाही. पुढचा डाव तुमचा."