हेळव्याच्या वहीतला नातू

अण्णारावाच्या पोरीला पाळण्यात घालून नाव सृष्टी ठेवलं, त्याच वर्षी हेळवी गावात आला. म्हणजे साल ब्याण्णव, भूकंपाच्या आदलं.

हेळवी म्हणजे घराण्यांच्या पिढ्या लिहून ठेवणारा. कर्नाटकातून बैलावर बसून यायचा, घंटा वाजवायचा आणि दारात बसून त्या घरातला कोण कुठून आला, कुणाला कोण झालं, ते सुरात वाचायचा. दहा-बारा वर्षांतून एक फेरी. नवा मुलगा वहीत चढला की त्याला धोतरजोडी आणि पायलीभर ज्वारी मिळायची, आणि सगळी गल्ली ऐकायला गोळा व्हायची.

त्या दिवशी आधी अण्णारावाच्या चुलत्याच्या, रेवणप्पाच्या दारात वाचन झालं. त्याचे तीन मुलगे चढले. मग हेळवी अण्णारावाच्या आईच्या, गौरम्माच्या ओट्यावर आला. गौरम्माचा नवरा दोन वर्षांपूर्वीच गेला होता. रेवणप्पाची बायको कमलम्मा ज्वारीचं सूप हातात घेऊन तिथंच उभी होती.

"अक्का, तुमचं पान यंदा कोरंच का?" ती हसत म्हणाली.

बायका हसल्या. हेळव्यानं विचारलं, "अण्णारावाला काय झालं?"

"मुलगा," गौरम्मा बोलून गेली. "आजोबाचंच नाव ठेवलंय." नवऱ्याचं नाव ती कधी तोंडानं घेत नव्हती, तेव्हाही घेतलं नाही. हेळव्यानं मागचं पान पाहिलं आणि लिहिलं: गुरुबसप्पा, अण्णारावाचा मुलगा.

तिनं मनात हिशेब केला, पुढच्या फेरीपर्यंत मुलगा होईलच, कोण बघायला येतंय. अण्णाराव शेतात होता. पण सून रत्नम्मा दाराआड होती, मांडीवर पोर घेऊन. हेळवी गेल्यावर ती बाहेर आली.

"आत्याबाई, मग ही कोण?"

गौरम्मा ओटा झाडायला लागली. त्या दिवसापासून पोर सासूच्या हातात द्यायची वेळ आली की रत्नम्मा म्हणायची, "घ्या, तुमचा नातू." आवाज चढवायची नाही. पाण्याचा तांब्या ठेवावा तसं म्हणायची. गौरम्मा खाली बघून पोर घ्यायची. वर्षभर हे असंच चाललं.

पुढच्या साली अनंत चतुर्दशीला पोर तापानं किरकिर करत होती. गणपती बुडवून सगळे परत आले. गौरम्मानं अंगणातल्या पत्र्याच्या छपरात बाज टाकली होती. रत्नम्मा पोर घेऊन तिथं आली आणि तिच्या कुशीत ठेवून म्हणाली, "घ्या, तुमची नात. माझ्याजवळ झोपंना."

गौरम्माला काहीतरी बोलावंसं वाटलं. उद्या बोलू म्हणून तिनं पोरीच्या अंगावर लुगड्याचा पदर ओढला.

उद्या उजाडायच्या आतच दगडामातीचं घर आत झोपलेल्या अण्णाराव-रत्नम्मावर बसलं. पत्र्याचं छप्पर तेवढं उभं राहिलं.

भूकंपानंतर रेवणप्पा कुटुंब घेऊन नांदेडला गेला, तिथं त्यानं भुसार दुकान टाकलं. गौरम्मा पोरीला घेऊन पत्र्याच्या शेडमध्ये राहिली. तिथंच पन्नाशीत, संध्याकाळच्या साक्षरता वर्गात ती अक्षरं शिकली. पुढं लातूरला आली. तिथं क्लासेसची गर्दी वाढत होती, गावोगावची पोरं एकेका खोलीत चौघं राहून डॉक्टर-इंजिनियर व्हायला येत होती. गौरम्मानं पंधरा वर्षं त्यांचे डबे केले. त्याच पोरांच्या पुस्तकांतून सृष्टी शिकली, नांदेडला इंजिनियर झाली आणि दोन हजार पंधराला अमेरिकेला गेली.

सोळा सालच्या दिवाळीनंतर तिचा फोन आला. ती एका म्हातारीच्या घरात वरच्या खोलीत भाड्यानं राहत होती.

"आज्जी, हिचे लोक मूळ इथले नाहीत. दीडशे वर्षांपूर्वी जर्मनीतून बोटीनं आले. गावात शेती पुरेना म्हणून पणजोबा निघाला. इथं उतरल्यावर कारकुनानं आडनाव लिहिताना एक अक्षर खाल्लं, ते तसंच राहिलं. जिन्याच्या भिंतीवर सगळ्यांची नावं चौकटीत लावलीयत. बायकांची पण. बोटीवरच वारलेली तीन महिन्यांची एक पोर आहे, तिचं पण. मला म्हणाली, तुझे कोण? मला बाबांच्या वर एक आजोबा सोडून काही सांगता आलं नाही."

"हेळव्याकडं हाय आपलं सगळं," गौरम्मा बोलून गेली.

"मग मला त्या पानाचा फोटो पाठव ना."

रेवणप्पाच्या नातवाचं, शिवांशचं, जावळ होतं. त्यासाठी हेळवी नांदेडला येणार होता. गौरम्मा सकाळच्या एसटीनं निघाली.

हा हेळवी म्हणजे जुन्याचा मुलगा; भूकंपानं गाव विखुरल्यावर मधली फेरी चुकली होती. बैल नव्हता, मोटारसायकल होती, पण वही तीच होती, बापाच्या अक्षरातली. कमलम्मा आता नांदेडसारखं बोलत होती.

"काय करून राहिली अक्का? बस की. किती वाळलीस."

हेळव्यानं सूर लावला. बसलिंगप्पा दुष्काळात कर्नाटकातल्या कल्याणहून निघाला, दोन बैल आणि एक बायको घेऊन. बायकोचं नाव नव्हतं. त्याचा मुलगा तेरणेकाठी आला, त्याचे दोन, त्यांतल्या थोरल्याचे गुरुबसप्पा आणि रेवणप्पा, गुरुबसप्पाचा अण्णाराव. हेळवी थांबला.

"अण्णाराव भूकंपात वारले, हे कळलं. त्यांचा मुलगा गुरुबसप्पा. हाय का?"

रेवणप्पा बायकोकडं बघू लागला.

"न्हाई," गौरम्मा म्हणाली.

"मग वारला म्हणून लिहितो."

"जन्मलाच न्हाई तो वारंल कसा? खोटं बोलले होते मी. पोरगी हाय. सृष्टी. तिचं नाव लिहा."

हेळव्यानं वही मिटली. "आज्जी, आमच्या बापाचं अक्षर खोडत न्हाई. आन लेकी आमच्या वहीत चढत न्हाईत. त्या दुसऱ्या घरच्या."

"दुसऱ्या घरच्या वहीत तरी चढतात का? आमची सून रत्नम्मा हाय का कुठं? दाखव."

तेव्हा कमलम्मा जागेवरून उठली. गुडघे धरून, हळूहळू.

"त्या दिवशी मी तिथं होते रे. पोरगी हाय ते मला ठाऊक होतं. चिडवलं मीच होतं, म्हणून तोंड उघडलं न्हाई. चोवीस वर्षं झाली त्याला." ती गौरम्माकडं वळली. "तुला लिहिता येतं ना अक्का? तू लिही. मी साक्षीला."

"मी लिहिणार न्हाई," हेळवी म्हणाला. मग त्यानं वही उघडून पुढं सरकवली, वर पेन ठेवलं आणि तोंड धुवायला मोरीवर गेला.

वरच्या कन्नड ओळींखाली गौरम्मानं मराठीत लिहिलं. पहिल्यांदाच नवऱ्याचं नाव तिच्या हातून उमटलं: गुरुबसप्पा अण्णाराव, हा झाला नाही. मुलगी सृष्टी, ही आहे. मग आणखी एक ओळ लिहिली.

रेवणप्पाच्या मुलानं फोटो काढून पाठवला. तासाभरात सृष्टीचा फोन आला.

"आज्जी, हे 'झाला नाही' म्हणजे काय?"

गौरम्मानं सगळं सांगितलं. ओटा, धोतरजोडी, दाराआडची रत्नम्मा. काही झाकलं नाही. पलीकडं पोरगी रडतेय का, ते कळेना.

"आईनं तुला माफ केलं होतं का?"

"शेवटच्या दिवशी तुला माझ्याजवळ देताना नात म्हणाली. पहिल्यांदा. मी काय बोलले न्हाई."

"का नाही बोललीस?"

"उद्या बोलणार होते बाई."

सृष्टीनं ती शेवटची ओळ मोठ्यानं वाचली. अक्षर वाकडं होतं, पण लागत होतं: रत्नम्मा, अण्णारावाची बायको, सृष्टीची आई, वय बावीस, नवऱ्यासोबत भूकंपात वारली, ३० सप्टेंबर १९९३.