गाळलेली पानं

पाचशे बारा पानांची, जाड पुठ्ठ्याची कादंबरी आहे मी. पाच वर्षांपूर्वी भूगोलाच्या बाईंनी मला दुकानातून घरी आणलं आणि म्हणाल्या, "सुट्टीत वाचीन."

सुट्ट्या आल्या नि गेल्या. एका सुट्टीत पेपर तपासायचे राहिले होते, दुसरीत प्रशिक्षण लागलं, तिसरीत घराचं रंगकाम काढलं. दर उन्हाळ्यात बाई एकतिसाव्या पानापर्यंत यायच्या आणि पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायच्या. माझी सुरुवातीची पानं मऊ पडली, बाकीची कोरी करकरीत राहिली. त्याचं मला फारसं वाईट वाटलं नाही. पुस्तकाला कसली घाई?

यंदा मात्र निकाल वेळेत लागला. दुसऱ्याच दिवशी दुपारी बाईंनी फोन आतल्या खोलीत ठेवला, खिडकीशी खुर्ची ओढली आणि मला उघडलं. तीन दिवसांत शंभर पानं झाली. चौथ्या दिवशी त्यांच्या सासूबाई भिंत चाचपत आल्या नि समोर बसल्या. दीड वर्षापूर्वी त्यांची नजर गेली होती. त्याआधी वाचनालयातून आठवड्याला दोन पुस्तकं आणून फडशा पाडायच्या.

"जरा मोठ्याने वाचतेस का गं?"

"आई, वर्षभर वर्गात मोठ्यानेच वाचते हो. घसा बसतो. आता थोडे दिवस मनातल्या मनात वाचू द्या ना."

"बरं," एवढंच म्हणाल्या. उठल्या मात्र नाहीत. मांडीवर हात ठेवून बसून राहिल्या. पान उलटलं की त्यांची मान किंचित हलायची. अर्ध्या तासात बाईंनी एकच परिच्छेद चारदा वाचला. मग खाकरल्या आणि पहिल्या पानापासून मोठ्याने वाचू लागल्या. कपाळावरची आठी तशीच होती.

ती आठी आठवड्याभराने गेली. मग दोघींची माझ्या नायकावरून जुंपायला लागली. सासूबाईंना तो पहिल्यापासून लबाड वाटायचा, बाई त्याची बाजू घ्यायच्या. चहा गार होऊन जायचा.

चारशे तिसाव्या पानाच्या सुमारास नायिकेची म्हातारी आई अंथरूण धरते. बाई वाचता वाचता अडखळल्या. त्यांची नजर पुढे धावली आणि त्यांनी हलकेच दोन पानं उलटून पुढचं प्रकरण सुरू केलं.

"थांब," सासूबाई म्हणाल्या. "दोनदा पान वाजलं. म्हातारी गेली ना?"

बाईंनी बोट आत ठेवून मला अर्धवट मिटलं.

"अगं, पुस्तकातली गेली. मी बसलेय इथे धडधाकट. मागे जा नि वाच."

बाईंनी वाचलं. दोनदा त्यांना थांबावं लागलं. सासूबाईंनी पदराने डोळे टिपले आणि म्हणाल्या, "चांगलं लिहिलंय पण मेल्याने."

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी मी संपले.

आता कपाटात असते. बांधणी सैल झालीय. कुणी मागायला आलात तर मिळेन, फक्त जपून उघडा.

परवा शेजारीण आली होती. सासूबाई तिला सांगत होत्या, "एवढ्यात मी एक मोठी कादंबरी वाचली." ऐकली नाही, वाचली म्हणाल्या. बाई तिथेच वह्या तपासत बसल्या होत्या. त्यांनी चूक दुरुस्त केली नाही.