भिंतीवरची घोंगडी

रविवारच्या पुरवणीचं पान प्रिन्सी भिंगारदिवेनं दुकानाच्या काउंटरवर पसरलं, दोनदा वाचलं, आणि तिसऱ्यांदा वाचायला गेली तर अक्षरंच दिसेनात. कानशिलं तापली होती.

फोटो तिच्या हॉटेलचा होता. तिच्या म्हणजे तिनं सजवलेल्या. सोलापूर रस्त्यावर कासुर्डीजवळ तात्याबा शेठनं ते बांधलं होतं. मातकट भिंती, खाली शहाबादी फरशी, आणि आत पाऊल टाकलं की समोरच्या भिंतीवर लोखंडी चौकटींत ताणून बसवलेल्या काळ्याभोर घोंगड्या. नऊ महिने ती शिरूरहून न्हावरा, चौफुला करत एसटीनं तिथं जात होती. फोटोखाली मात्र नाव होतं पुण्याच्या एका डिझायनरचं. शेजारी त्याची मुलाखत. ‘लहानपणी आजोळी मी घोंगडीवर झोपायचो. तो खरखरीत स्पर्श मनात राहिला. त्यातूनच ही कल्पना सुचली.’

“आजोळी!” प्रिन्सी ओरडलीच.

दुकानामागं प्लायवूड कापत असलेला ज्ञानू सुतार करवत ठेवून आत आला. तिच्या सगळ्या कामांवर तोच असायचा. “काय झालं, ताई?”

“हा माणूस हॉटेलात दोनदा आला, ज्ञानू. दोनदा. लॅम्पशेड बदलून गेला. आणि आता म्हणतोय, घोंगड्या त्याच्या आजोळच्या.”

तिनं तात्याबांना फोन लावला. पलीकडं ते मजेत होते.

“वाचलं का, मॅडम? अर्धं पान आलंय!”

“माझं नाव कुठंय त्यात?”

“अवो, पेपरात पुण्याचं नाव असलं म्हंजी गाड्या थांबत्यात. शिरूरच्या बाईनं केलंय म्हणल्यावर कोण वळंल? तुमचंबी सांगितलं हुतं मी. पडद्यांचं.”

पडद्यांचं. तिनं फोन आपटला.

हा शब्द ती दहा वर्षं ऐकत होती. पुण्यात डिप्लोमा करून चौऱ्याण्णव साली ती शिरूरला परत आली, स्टँडच्या मागं हे दुकान घेतलं, तेव्हापासून गावाला ती ‘पडदेवाली बाई’. दौंडच्या डॉक्टरचा दवाखाना तिनं असा मांडून दिला की पेशंटला तपासणीच्या खोलीतून पुन्हा रांगेतून बाहेर यावं लागत नव्हतं. डॉक्टर लोकांना सांगायचे, “पडदे आमच्या प्रिन्सीताईंनी केलेत.” रांजणगावला कंपन्या आल्या, आजूबाजूला बंगले उठले. बंगलेवाले तिला पुण्याच्या हॉटेलांचे फोटो दाखवायचे. अस्सं करा. तिनं काही सुचवलं की म्हणायचे, ते राहू द्या, मॅडम, तुमच्या मिस्टरांना पाठवा, त्यांच्याशी बोलतो.

मिस्टर नव्हतेच. वडील होते. अब्राहाम भिंगारदिवे मिशनच्या कारखान्यात सुतारकाम शिकवायचे. चर्चचे बाक त्यांनी केलेले. बाक करण्याआधी त्यांनी गावातल्या सात-आठ म्हाताऱ्यांना नुसतं बसायला, उठायला लावलं होतं, आणि उठताना हात कुठं टेकतो ते पट्टीनं मोजलं होतं. प्रिन्सी तेव्हा सहा वर्षांची होती. खोली माणसाच्या हातापायांपासून सुरू होते, हे तिला तिथंच कळलं. पुण्याच्या कॉलेजात तिला हे कुणी शिकवलं नाही. तिथं इटलीची मासिकं होती.

घोंगड्या तिला कारेगावात दिसल्या होत्या. बिरदेव नावाच्या माणसाचा नवा बंगला मोजायला ती गेली होती. बिरदेव कंपनीत सुपरवायझर. त्याच्या आज्यापर्यंत घरात मेंढरं होती, बाप रखमाजी घोंगड्या विणायचा, आता ते सगळं संपलेलं. जुन्या घराच्या कुंपणावर त्याच्या आईनं, गिताबाईनं, घोंगड्या उन्हात टाकल्या होत्या. नांगरून पाणी दिलेल्या रानासारखा काळा रंग, कडेला पांढरे काठ. प्रिन्सीच्या हातातली टेप तशीच राहिली. ती सारी दुपार गिताबाईजवळ बसली. रंग दिला नाही, मेंढीचाच तो रंग. सूत बाईनं कातायचं, विणायचं गड्यानं. ताण्याला चिंचोक्याची खळ. गिताबाई बोलत राहिली, प्रिन्सी वहीत लिहीत राहिली. एका घोंगडीच्या काठात पांढऱ्या रेघांमधून एकच तांबडा धागा गेला होता. प्रिन्सीला तो इतका आवडला की पुढं हॉटेलातल्या चाळीसच्या चाळीस खुर्च्यांच्या गाद्यांना तिनं कडेनं तसलीच तांबडी पायपिंग, म्हणजे कापडी गोट, मारली.

घोंगड्या मात्र तिनं बिरदेवकडून विकत घेतल्या. “आजींना विचारलंत ना?” एवढं तिनं विचारलं होतं.

“तिला काय विचारायचं? कसर लागतीय नुसती.”

कामाची घाई होती. तिनं पुन्हा विचारलं नाही.

आता पुरवणीच्या तळाशी लिहिलं होतं : गुरुवारी अकरा वाजता उद्घाटन, डिझायनरशी गप्पा. प्रिन्सीनं पान घडी घालून पर्समध्ये कोंबलं आणि कारेगावची गाडी पकडली. गिताबाईला सोबत न्यायचं, पत्रकारांसमोर उभं करायचं. सांगा, आजी, ही कल्पना कुणाची, कोण तुमच्याजवळ येऊन बसलं होतं. मग बघू आजोळ.

गिताबाई दारात लसूण सोलत होती. सत्तरीची, सरळ पाठीची बाई. प्रिन्सीनं धाडधाड सगळं सांगितलं आणि पान तिच्यापुढं धरलं. म्हातारी वाचत नव्हती. फोटो बघत होती. बराच वेळ बघत होती.

“ही आमची घोंगडी हाय,” ती म्हणाली.

“हो, आजी. तेच तर.”

“बिऱ्या म्हणला, उंदरांनी खाल्ली. जाळून टाकली म्हणला.” तिनं फोटोवर बोट टेकवलं. “हितं कडंला कापलीया का?”

प्रिन्सी पानाची घडी घालायला लागली.

“कापली व्हय गं?”

“चौकटीत बसत नव्हती. दोन्हीकडून थोडी...”

“कुणी कापली?”

“मी.”

गिताबाईनं लसणाचं सूप बाजूला सारलं आणि ती उभी राहिली. आवाज चढला नाही, पण प्रिन्सी एक पायरी खाली उतरली.

“सबंध दुपार बसलीस माझ्या दारात. च्या पिलीस. सगळं इचारलंस. खळ कशाची, सूत कुणाचं. आन् नेऊ का, कापू का, येवढं इचारायला तोंड न्हवतं तुला? तुजं नाव न्हाई छापलं म्हणून तू पेटलीस. माजं कुणी छापनार हुतं?”

“बिरदेवदादांनी विकल्या, आजी. मी चोरल्या नाहीत.”

“त्याला मी बघती. तू तुजं बोल.”

 चार तास जी आग प्रिन्सी घेऊन फिरत होती ती विझली नाही, पण आता ती नेमकी कुणावर आहे ते कळेना. त्या पुणेकरानं तिच्याकडून उचललं होतं, आणि तिनं ह्या दारातून. तिला ते पटत होतं आणि पटत होतं म्हणूनच जास्त संताप येत होता.

“मी गुरुवारी जाणार आहे तिथं,” शेवटी ती म्हणाली. “तुम्ही नाही आलात तरी.”

“मी येनार हाय,” गिताबाई म्हणाली. “तुज्यासाटी न्हाई.”

गुरुवारी ज्ञानूनं ओळखीची जीप आणली.  हॉटेलापुढं मांडव, फुगे, पांढऱ्या गाड्या. तात्याबा फेटा बांधून दारात. प्रिन्सीला पाहून ते हसले. तिच्यामागची नऊवारीतली म्हातारी पाहून हसू आखडलं.

“या, मॅडम. ह्या कोण?”

“ह्यांच्या घोंगड्या आहेत आत.”

आत तीस-पस्तीस माणसं खुर्च्यांवर होती. भिंतीपुढं माइक धरून पुण्याचा डिझायनर उभा. खादीचा कुर्ता, गळ्यात चष्मा. मातीशी नातं, मुळांचा शोध, असं काहीतरी चाललं होतं. गिताबाई खुर्च्यांच्या मधून सरळ चालत भिंतीशी गेली. चौथ्या चौकटीपुढं थांबली, आणि हात वर करून काठावरून फिरवला.

“आजी, आवडलं का?” डिझायनर माइकमधूनच प्रेमानं म्हणाला.

“तू केलंस का हे?”

“हो, मीच.”

“मंग सांग. ह्यो तांबडा धागा कशाचा?”

 तो लोकांकडं वळून म्हणाला, “छान प्रश्न. काळ्या रात्रीत उगवणाऱ्या सूर्याची ती रेषा आहे. आपल्या लोकपरंपरेत...”

“माज्या पोरीच्या झबल्याचा हाय त्यो.”

माइक जवळच होता. सगळ्यांना ऐकू गेलं.

“दोन वर्साची हुती. देवी आल्या आन् गेली. बिऱ्याच्या बापानं झबलं उसवलं आन् त्याचा धागा ह्या काठात घातला. सूर्य कुठला आणलास रं?”

प्रिन्सी मागं उभी होती. तिच्या डोळ्यांसमोर चाळीस खुर्च्या होत्या, आणि प्रत्येक खुर्चीच्या कडेनं तिनं शिवलेली तांबडी पायपिंग. लोक त्यावर बसले होते. तिला वाटलं, आत्ता ह्या सगळ्यांना उठवावं, कातरीनं एकेक शिवण उसवावी. ती पुढं झाली.

“आजी, ह्यांना ठाऊक नाही, कारण ह्यांनी केलंच नाही. हे हॉटेल मी केलंय. मी, प्रिन्सी भिंगारदिवे, शिरूर. भिंती, दिवे, फरशी, खुर्च्या, सगळं. आणि घोंगड्या कापल्या त्याही मीच. धागा कशाचा ते मलाही ठाऊक नव्हतं. विचारलं नाही मी.”

पहिल्या रांगेतला पत्रकार लिहायचा थांबला. डिझायनर हसून म्हणाला, “मॅडमनी साइटवर मदत केली होती, अर्थातच...”

“मदत?” प्रिन्सीचा आवाज फाटला. “ह्या भिंतीची उंची सांगा किती आहे. सांगा ना. फरशी कुठल्या खाणीतली? चौकटी कुणी जोडल्या?”

त्यानं माइक खाली ठेवला.

“मॅडम, पाव्हण्यांम्होरं तमाशा नको,” तात्याबा तिच्या कानाशी गुरगुरले. “बाहीर चला.”

“जाते. आजींची एक वस्तू घेऊन जाते.”

तिनं पर्समधून स्क्रू ड्रायव्हर काढला. वडिलांची सवय, टेप आणि स्क्रू ड्रायव्हर सोडून ती कुठं जात नसे. ज्ञानूनं न सांगता चौकटीला खालून हात दिला. तात्याबा पुढं आले, तशी गिताबाई त्यांच्या आडवी उभी राहिली. सत्तर वर्षांच्या बाईला पाहुण्यांसमोर कोण हात लावणार? चार स्क्रू निघाले. चौकट उतरली, आणि मागं भिंतीवर चुन्याचा फिकट चौकोन उघडा पडला.

“बाकीच्याबी काढू, आजी?” ज्ञानूनं विचारलं.

“राहू दे. त्या इकायलाच इणल्या हुत्या.”

जीपमध्ये गिताबाईनं चौकटीतून सोडवलेली घोंगडी मांडीवर घेतली. कापलेल्या कडेला धाग्यांच्या दशा निघत होत्या, त्या ती बोटानं आत दाबत होती. चौफुल्याजवळ प्रिन्सीनं धीर केला.

“आजी, मी चुकले.”

“गप बस,” गिताबाई म्हणाली. “मला अजून राग हाय. जाईल तवा जाईल.”

पुढं काय झालं ते तसं सरळ झालं नाही. तात्याबांनी रिकाम्या चौकोनावर नक्षीचा आरसा लावला आणि हॉटेल जोरात चाललं. पायपिंग तेवढी बदलून देते, मजुरी नको, असं प्रिन्सीनं सांगून पाठवलं. त्यांनी तिला दारातही उभं केलं नाही. बिरदेवनं बंगल्याचं काम काढून घेतलं. आईसमोर त्याला खोटं पाडलं म्हणून तो रस्त्यात तोंड फिरवायचा. गिताबाईनं त्याच्याशी बोलणं टाकलं होतं, हे मात्र प्रिन्सीला ज्ञानूकडून कळलं. दौंडच्या एका दुकानदारानंही निरोप दिला : मॅडम भांडतात म्हणे, मग नको.

“थोडं गप राहायचं होतंस,” आई, कृपाबाई, म्हणाली.

“दहा वर्षं होते की.”

 अब्राहाम रंधा मारत राहिले. मग म्हणाले, “बाईला विचारलं नाहीस ते वाईट केलंस. बाकी बरं केलंस.”

तिनं वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. उत्तर नाही. दुसरं लिहिलं, सोबत नकाशे जोडले, तारखांसकट. तिसरं रजिस्टरनं पाठवलं. मधल्या काळात तिला न्हावऱ्याच्या एका शिक्षिकेचं छोटंसं घर मिळालं. पहिल्याच दिवशी तिनं शिक्षिकेच्या सासूला, नवऱ्याला, अगदी घरी धुणं धुणाऱ्या साखरबाईलाही विचारलं, तुम्ही इथं कुठं टेकता, काय तुम्हाला नकोय. साखरबाई म्हणाली, मोरीचा उंबरा नको, बादली अडकती. उंबरा काढला.

अडीच महिन्यांनी एका सोमवारी पाचव्या पानाच्या कोपऱ्यात चार ओळी आल्या. ‘खुलासा : कासुर्डी येथील हॉटेलच्या सजावटीत शिरूर येथील प्रिया भिंगारे यांचाही सहभाग होता. पडदे त्यांनी केले होते.’

ज्ञानू वाचून हसायला लागला आणि तिचं तोंड बघून थांबला. हॉटेलात एकही पडदा नव्हता.

प्रिन्सीनं फोन पुढं ओढला. वर्तमानपत्राच्या पुण्यातल्या कचेरीचा नंबर तिला आता पाठ होता. पलीकडं एका मुलीनं उचललं, थांबायला सांगितलं, मग दुसरा कुणी आला, त्यानंही थांबायला सांगितलं. ती थांबली. एका हातात पेन्सिल होती, ती काउंटरवर ठकठक वाजत होती.

“बोला, मॅडम, काय दुरुस्ती आहे?”

“लिहून घ्या,” प्रिन्सी म्हणाली. “आणि लिहिलेलं मला परत वाचून दाखवा. प्रिन्सी. भिं. गार. दि. वे. झालं? आता पुढचं लिहा. अजून दोन नावं आहेत. गिताबाई, कारेगाव. सूत त्यांनी कातलं. रखमाजी. विणलं त्यांनी. नाही, मी फोन ठेवणार नाही. तुम्ही लिहा.”