वळसा घालून घेतलेलं माप

मित्रांनो, मी एक जुनी पोलादी टेप आहे. यॉर्कशरमधल्या एका लहान गावाच्या नगरपालिकेत माझा जन्म गेला. कारखान्यातून निघाले तेव्हा माझे आकडे लख्ख होते, आता बोटांनी घासून पार पुसट झालेत. कुणाला घर वाढवायचं असलं की बांधकामाचे अर्ज तपासणाऱ्या मॉरीनबाई मला घेऊन जागेवर जायच्या. दोन्ही शेजारी भांडायचे आणि मी मधे ताणलेली. माप कुणाच्याही बाजूनं निघो, दुसरा मलाच खोटी ठरवायचा. ऐकून ऐकून कान किटले. कधीमधी बाई म्हणायच्या, "ही आहे म्हणून माझी नोकरी आहे." तेवढं कौतुक मला पुरायचं. पुढे लाल ठिपका टाकून अंतर मोजणारं यंत्र आलं आणि माझी रवानगी गाडीच्या डिकीत झाली, ओल्या छत्र्यांखाली. गंज तिथंच चढला.

मग बोल्स क्लबाचा अर्ज आला. हिरवळीवर गोळे घरंगळवायचा हा म्हाताऱ्यांचा लाडका खेळ. क्लबाला इमारत वाढवून मोठा बार हवा होता, आणि एका कोपऱ्यात चाकाची खुर्ची जाईल असं शौचालय. विल्फ हार्गेट जन्मभर तिथं खेळले. पाय गेल्यापासून ते कुंपणाबाहेर गाडीत बसून खेळ बघायचे, कारण आतल्या अरुंद शौचालयात त्यांची खुर्ची शिरत नसे. शेजारच्या इनिडबाईंची हरकत होती, की नवी भिंत त्यांच्या स्वयंपाकघराचा उजेड खाईल. क्लबाच्या नकाशात मात्र दोन्ही भिंतींमधलं अंतर भरपूर दिसत होतं.

त्या दिवशी उन्हात लाल ठिपका दिसेना, म्हणून मला बाहेर काढलं. बाई सरळ हिरवळीवरून निघाल्या, तोच क्लबाचे चिटणीस क्लिफर्ड ओरडले, "अहो बाई, बूट! हिरवळीवर बूट चालत नाहीत!"

"मग तुम्ही माप कसं घेतलंत?"

"कडेकडेनं. हिरवळीला तीन बाजूंनी वळसा घालून."

"आणि तेच नकाशात लिहिलंत? धन्य आहे तुमची!"

बाईंनी बूट काढले आणि नुसत्या मोज्यांनी ओल्या गवतातून मला सरळ इनिडबाईंच्या भिंतीपर्यंत नेलं. अंतर नकाशातल्याच्या जेमतेम निम्मं भरलं.

"हे मंजूर व्हायचं नाही," बाई दमलेल्या आवाजात म्हणाल्या. "बार वगळा. शौचालय तेवढं बसतंय."

"बारशिवाय सभासद ऐकायचे नाहीत हो!"

कुंपणापलीकडे गाडीची काच खाली झाली. "क्लिफ, लेका, बियर मी घरी पिईन रे," विल्फ म्हणाले. "पण मुतायला घरी जाऊन येईपर्यंत तुमचा अर्धा डाव उरकतो!"

 क्लिफर्डनी एकदा गाडीकडे पाहिलं. मग त्यांनी पेन काढलं आणि नकाशातल्या बारवर काट मारली.

मित्रांनो, ती माणसं वाईट नव्हती. मी आता थकले आहे, मला ओली गुंडाळू नका, कोरड्या फडक्यानं पुसा, एवढंच माझं मागणं. आणि तुमच्यासाठी एक सांगते. गवताचं पातं चिरडू नये म्हणून जन्मभर जपणाऱ्या त्या लोकांना कुंपणाबाहेरचा आपला गडी रोज दिसत होता, तरी दिसला नव्हता. हिरवळ जरूर जपा, पण आधी माणूस आत घ्या.