तुरपाईचा दर

सत्यवती त्या दिवशी भांडायलाच निघाली होती. सराफ्याच्या मागच्या गल्लीतून ऑटोत बसताना तिनं विनताला दटावलंसुद्धा, "घाबरू नको. साहेबानं विचारलं की खरं खरं सांगायचं. आपण काय चोरी करून राहिलो?"

किमान मजुरी नव्यानं ठरणार होती. त्यासाठी कामगार खात्याचे साहेब मालक आणि कामगार समोरासमोर बसवून त्यांची मतं घेणार होते, आणि सलवार-सुटांची तुरपाई घरी बसून करणाऱ्या बायकांनाही यंदा बोलावणं होतं. दर वाढला नाही तर मी लोकांची भांडी घासायला जाते, असं विनतानं सांगूनच टाकलं होतं. आणि विनता म्हणजे सत्यवतीचा उजवा हात.

हॉलमध्ये टेबलाच्या एका बाजूला मालक, दुसऱ्या बाजूला कामगार. समोर सुटांच्या कारखान्याचे मालक भय्यासाहेब ऐसपैस बसलेले. सत्यवतीनं पदर खोचला आणि दणकून बोलली, "डोळे फुटायची वेळ येते साहेब, अन् हातात येते चहापाण्याची चिल्लर! किमान रोजीचा दर आमालेही लागू करा." बायकांनी टाळ्या वाजवल्या. सत्यवती अशी खूश झाली की विचारू नका.

मग साहेब विनताकडे वळले. "आपको काम कौन देता है?"

"सत्यवतीताई," विनता कौतुकानं म्हणाली.

"और पैसा?"

"ताईच देतात जी. ह्या भय्यासाहेबांचं तर आम्ही आजवर तोंडही पाहिलं नव्हतं."

खरंच होतं ते. कारखान्यातून सुटांचे गठ्ठे आणायला सत्यवती एकटीच जायची. आणलेलं काम चार घरांत वाटायची आणि रिक्षा, दोरा, आपली धावपळ म्हणून सुटामागे थोडे पैसे स्वतःकडे ठेवायची. बायकांनी कारखान्याची पायरी चढू नये, हेही तिनंच ठरवलेलं. त्यात तिला कधी वावगं वाटलं नव्हतं. उलट आपण उपकारच करतोय असं वाटायचं.

"काम आप देती हैं, पैसा भी आप. फिर आप उधर बैठिए," साहेब सत्यवतीला म्हणाले.

"कुठं?"

भय्यासाहेबांनी शेजारची खुर्ची ओढली. "आइए दीदी. हम तो काम आपको ही देते हैं. आगे आप जानो."

सत्यवती उठून त्या खुर्चीत जाऊन बसली. अहो, ही काय थट्टा! बोटांना सुईची भोकं पडलेली ही बाई, आणि बसली मालकांच्या रांगेत! समोर विनता बावरून बघत होती. आपण असं काय बोलून बसलो, हे तिला कळेना.

"रोजी का रेट इनको लागू हुआ, तो आप दे पाएँगी?" साहेबांनी विचारलं. "अभी सिर्फ़ राय बताइए."

कारखान्यानं मला वाढवून द्यावं, मग मी देते, एवढंच तर म्हणायचं होतं. पण शेजारी भय्यासाहेब खाकरले. उद्यापासून गठ्ठे बंद झाले तर? चारही घरांना कुठून द्यायचं? जीव असा घाबरा झाला की तोंडाला येईल ते ती बोलून गेली.

"नाही जी साहेब. परवडत नाही."

हे कोण बोललं म्हणून तिनं इकडेतिकडे पाहिलं. सगळ्या बायका तिच्याकडेच पाहत होत्या.