मांड्याआडचा चेहरा

सुनंदाची आई गेली तेव्हा सुनंदा चार वर्षांची. घरात आईचा एकही फोटो नव्हता. भागामावशी सांगायची, कपाळ असं होतं, नाक तसं होतं. पण कपाळ आणि नाक मिळून काही आई होत नाही. आता सुनंदा स्वतः सासरी नांदत होती. भाकरी थापताना तिच्या ओठांतून जिभेचं टोक बाहेर येई आणि सासू टोके, भाकर हातानं थापायची असते, जिभेनं नाही. ही खोड आली कुठून, तिलाही ठाऊक नव्हतं.

नव्याण्णव साली मावशीला एकदम आठवलं, की अमळनेरच्या झुलालनानांच्या लेकीच्या लग्नात मांडे करायला आईच गेली होती, आणि त्या लग्नाचं शूटिंग झालं होतं. नानांनी कॅसेट लावून दाखवली. मांडवामागच्या चुलीवरून कॅमेरा वाऱ्यासारखा फिरला. पालथ्या खापराशी एक बाई, दोन्ही हातांवर ओल्या लुगड्यासारखा पसरलेला मांडा, आणि चेहरा नेमका त्याच्या आड. तिथं थांबवावं, तर पडद्यावर पांढरे पट्टे नाचत.

म्हणून दोघी एसटीनं जळगावला आल्या, अभिमनच्या कॉम्प्युटरच्या दुकानात. त्यानं कॅसेट कॉम्प्युटरमध्ये उतरवली आणि सांगितलं, एका सेकंदाची पंचवीस चित्रं होतात, म्हणाल ते थांबवतो. सुनंदाला नवल वाटलं. एवढ्याशा क्षणाला इतके पदर? त्यातल्या कुठल्या पदरात आई बसली असेल?

अभिमन बटण दाबी, मांडा बोटभर सरके. मनगटावरचं गोंदण दिसलं.

"हात तिनाच शेतस," मावशी पुटपुटली. "मांडा खाले जाऊ दे, मंग दिखी ती."

मांडा खापरावर उतरला. वर घामेजलेलं कपाळ होतं, झुकलेले डोळे होते, आणि ओठांच्या कोपऱ्यात जिभेचं इवलं टोक.

सुनंदाचा हात आपसूक स्वतःच्या ओठांवर गेला.

"ताई, हे नको," अभिमन म्हणाला. "तोंड नीट आलं नाही. पुढच्यात जीभ आत आहे, ते छापू."

सुनंदानं पुढचंही पाहिलं. चेहरा छानच होता, चारचौघींसारखा.

"दादा, मागचंच छापा. मोठं काढा. चुलीसमोर लावायचंय."

मावशी पदरात तोंड घालून हसली, सासू काय म्हणेल म्हणून. प्रिंटरमधून कागद रेघारेघांनी बाहेर येऊ लागला. आधी कपाळ आलं, मग नाक.